पहिल्यानंतर तिसरा

ओढ्यावरच्या पुलाचा चढ लागला आणि तिसरा गिअर पुन्हा निसटला. दांडीनं वहिनीच्या तळहातावर खट्कन टोला दिला, इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं आणि गाडीनं मात्र अंग टाकलं. वहिनीनं क्लच दाबला, दांडी पुन्हा तिसऱ्यात रेटली आणि हातानं तिथंच दाबून धरली. मनगटाला कळ लागली.

"पुन्हा?" शेजारी बसलेल्या नवऱ्यानं विचारलं.

"छे. मीच गंमत म्हणून आवाज काढला."

"बघू. घरी गेल्यावर बघू."

हा शब्द त्याच्या तोंडात इतका बसला होता की गावानं त्याचं नावच बघूशेठ ठेवलं होतं. छपराचा पत्रा उडाला, बघू. मोटर जळली, बघू. माणूस वाईट नव्हता, कष्टाला मागे सरायचा नाही. पण एखादी गोष्ट ठरवायची म्हटली की तो काढता पाय घ्यायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला क्लच दाबवेना, तेव्हापासून गेली दोन वर्षं गाडी वहिनी चालवत होती. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारीपाजारी, मजूर बायका, गिऱ्हाइकं सगळेच वहिनी म्हणायला लागले होते.

गाडी म्हणजे बारा वर्षांपूर्वी घेतलेला छोटा पिकअप. मागच्या हौद्यात लोखंडी पट्ट्यांचे कप्पे वेल्डिंग करून घेतलेले, एकावर एक सहा. त्या कप्प्यांत रोपांचे ट्रे सरकवायचे. घरची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं वाढवायची आणि लागवडीच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या मळ्यावर नेऊन पोचवायची, हा धंदा. रोप म्हणजे काही विटा नव्हेत, एकावर एक रचून नेता येत नाही. मागच्या वर्षी एकदा भाड्याचा टेम्पो आणला होता. कप्पे नव्हते म्हणून फळ्या टाकल्या. मळ्यावर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा रोपांच्या माना मोडल्या होत्या. तेव्हापासून दुसऱ्या गाडीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

घरी आल्यावर धाकट्यानं दार उघडून आत डोकं घातलं.

"पट्टी तुटली वाटतं?"

पट्टी ही धाकट्याची अक्कल. महिन्यापूर्वी तिसरा गिअर निसटायला लागला तेव्हा त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक टोक दांडीला आणि दुसरं सीटच्या लोखंडाला बांधलं होतं. गिअर टाकला की पट्टी अडकवायची, काढायचा असेल तेव्हा सोडायची. वहिनीला दोन हातांत चार कामं झाली होती.

"पट्टी तुटली, आता गिअरही तुटेल," वहिनी खाली उतरत म्हणाली. "मिस्त्रीकडे टाका गाडी. उघडून बघू दे त्याला."

"उघडायचं नाव काढायचं नाही!" आबांचा आवाज ओसरीवरून आला. आबा म्हणजे सासरे. बावीस वर्षं दगडखाणीवरचा ट्रक चालवलेला माणूस. घरातल्या प्रत्येकाला गाडी त्यांनीच शिकवली होती, वहिनीलासुद्धा. "एकदा गिअरबॉक्स उघडला की तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. माणसाचं पोट आणि गाडीचा गिअरबॉक्स, उघडल्याशिवाय चालतंय तोवर चालवावं. तेल पातळ झालंय. जाड तेल घाला."

"जुना बॉक्सच फेकून द्या ना," धाकटा म्हणाला. "भंगारवाल्याकडे अख्खा मिळतो. माझा मित्र आहे तिथं."

"तुझे मित्र भंगारातच असायचे," आबा म्हणाले.

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं आभाळाकडे पाहिलं.

"बघू," तो म्हणाला.

वहिनी जाळीखाली गेली. डाव्या हाताला कोबीचे दोनशे चाळीस ट्रे मांडले होते. टेकडीवरच्या मळ्याची ती सगळ्यात मोठी मागणी. मळेवाली बाई एकटीनं शेती बघायची, शब्दाची पक्की आणि जिभेची तिखट. रविवारी सकाळी तिच्याकडे वीस माणसं लागवडीला येणार होती. तिनं बजावून सांगितलं होतं, "रविवारी रोप आलं तर माझं. सोमवारी आलं तर तुमचं, घरी घेऊन जा आणि जनावराला घाला." तिचंही खरं होतं. कोबीचं रोप पंचविसाव्या दिवशी घराबाहेर पडलं पाहिजे. तिसाव्यानंतर ते कुणाचंच नसतं. लांबतं, मान टाकतं, मुळं एकमेकांत गुंततात, आणि मग गड्डा धरत नाही. आज बुधवार होता आणि रोपाचा सव्विसावा दिवस.

गुरुवारी सकाळी आबांनी जाड तेलाचा डबा आणला आणि सत्तराव्या वर्षी स्वतःच गाडीखाली आडवे झाले.

"आबा, भाऊजी करतील की."

"त्याला डावं-उजवं कळत नाही. तू बॅटरी धर. माझ्या डोळ्यांत नको, बोल्टवर धर!"

खालचा बोल्ट सुटला आणि काळं तेल पातेल्यात पडायला लागलं. वहिनीनं एक बोट त्यात बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि उन्हात धरलं. बोटाच्या रेषांमध्ये पिवळी चमक भरली होती, कुणी जरीची साडी किसून टाकावी तशी.

"आबा, हे काय चमकतंय?"

"जुनं तेल आहे. चमकणारच."

"जुनं झालं की काळं होतं. पिवळं कसं?"

"तू गाडी चालवायला शिकलीस दोन वर्षांपूर्वी," आबा गाडीखालून म्हणाले, "आणि मी ट्रक सोडला त्याला झाली बारा."

या हिशेबातून काय सिद्ध होत होतं कुणास ठाऊक. वहिनीनं थोडं तेल एका बाटलीत भरून ठेवलं.

जाड तेलानं सकाळपुरती जादू केली. आवाज बसला, तिसरा गिअर टिकला. मिरचीची एक खेप पोचवून ती परत आली तेव्हा आबा ओसरीवर असे बसले होते की जणू तेल त्यांनी स्वतःच्या हातांनी काढलं होतं.

"काय सूनबाई?"

"बरी आहे."

"बरी नाही, चांगली म्हण."

दुपारच्या खेपेला तेल तापून पातळ झालं आणि बाजाराच्या अरुंद रस्त्यात, बरोबर लोखंडाच्या दुकानासमोर, दुसरा गिअर पडेना. दांडी रेटली की आतून कुणी दात खातंय असा करकराट व्हायचा. मागे ट्रॅक्टर थांबला, त्याच्या मागे दोन गाड्या, एक हातगाडी. हॉर्न सुरू झाले.

"अहो बाई," ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "गिअर बदलायचा असतो, उपटायचा नसतो!"

दुकानाच्या पायरीवरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "बाईच्या हाती गाडी दिली की गिअर आधी जातो, मग मालक जातो." पुन्हा हसले. वहिनीचे कान तापले. तिला खाली उतरून चार शब्द सुनवायचे होते, पण मागे टोमॅटोचे साठ ट्रे उन्हात होते. तिनं पहिला टाकला आणि रस्ता संपेपर्यंत गाडी पहिल्यावरच गोगलगायीसारखी ओढत नेली. हातगाडीवाला तिच्या बाजूनं पुढं निघून गेला आणि जाताना त्यानं आत डोकावूनही पाहिलं.

संध्याकाळी धाकट्यानं निदान सांगितलं. "वहिनी, राग मानू नका, पण तुमचा पाय क्लचवर टेकलेला असतो. त्यानंच जातं हे."

"माझा पाय क्लचवर असतो तेव्हा तुम्ही कुठं असता, भाऊजी? गाडीखाली?"

"मी आपलं सांगितलं."

"आपलं सांगू नका. कुणीच आपलं आपलं सांगू नका."

शुक्रवारी सकाळी ती गाडी आणि ती बाटली घेऊन मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत तेलानं काळी झालेली जमीन आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. तो हळू बोलायचा. समोरच्याला कळेपर्यंत बोलायचा, आणि नाही कळलं तर न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. त्यानं बाटली उजेडात फिरवली.

"ताई, पांढरं चमकलं तर लोखंड. पिवळं चमकलं तर पितळ. आत प्रत्येक गिअरला पितळेची एकेक रिंग असते. दोन फिरणारी चाकं एकदम भिडू नयेत म्हणून आधी ती मधे पडते आणि दोघांचा वेग सारखा करते. भांडणात मधे पडणाऱ्या माणसासारखी. मधे पडणारा झिजतोच. हे त्याचं पीठ आहे."

"मग उघडायला हवा?"

"उघडल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पण तुम्ही घरात एकदा काय ते ठरवा. काल संध्याकाळी आबा येऊन म्हणाले, हात लावायचा नाही. रात्री बघूशेठचा फोन, थांबा, बघू. आज तुमच्या आधी धाकटे येऊन गेले, जुना काढून ठेवा, मी दुसरा आणतोय. गाडी एक आणि मालक चार. मी कुणाचं ऐकू?"

वहिनी उत्तर देणार तेवढ्यात धाकटा आलाच, मित्राच्या टेम्पोत अख्खा गिअरबॉक्स टाकून. चेहरा लग्न ठरल्यासारखा. "आणला! याच कंपनीचा, याच मॉडेलचा. दुपारपर्यंत गाडी रस्त्यावर!"

"तुम्ही कुणाला विचारलंत?" वहिनी म्हणाली.

"विचारत बसलो असतो तर आठवडा गेला असता. या घरात कुणी काही ठरवतं का?"

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, कारण दुपारपर्यंत हा एकच शब्द तिच्या कानात शिरला होता. रोपाचा अठ्ठाविसावा दिवस होता.

जुना बॉक्स काढायला दोन वाजले. जॅक लावला, मागचा दांडा सोडला, बोल्ट गंजलेले, एक तर हातोडीनं तोडावा लागला. मिस्त्री, त्याचा कारागीर आणि धाकटा अशा तिघांनी छातीवर पेलून तो खाली घेतला. मग भंगारातला वर चढवला. तो बोल्टांच्या भोकांना नेमका बसला, पण आत जाईना. पुन्हा काढला, फिरवला, पुन्हा लावला. मिस्त्री बाहेर आला, घाम पुसला आणि दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून त्यांच्या पुढच्या दांड्यांवरचे दाते मोजले. एकदा, मग बोट लावून पुन्हा एकदा.

"याला एकवीस आहेत. त्याला तेवीस."

"दोनचाच फरक आहे," धाकटा म्हणाला.

मिस्त्रीनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमच्या चपलेत आणि तुमच्या पायात दोन बोटांचाच फरक असला तर?"

धाकटा भंगारवाल्याकडे परत गेला. भंगारवाल्यानं माल परत घेतला, पण एक वाक्य ऐकवून. आधी मोजायचं, मग उचलायचं. हे वाक्य धाकट्यानं घरी सांगितलं नाही. टेम्पोवाल्या मित्रानं सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा वहिनीनं कोबीचा एक ट्रे आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवला. ताटांना माती लागली.

"हे काय?" आबा म्हणाले.

"आता याला विचारा काय करायचं ते."

रोपं सकाळपेक्षा बोटभर उंच दिसत होती. कडेची दोन आडवी झाली होती. वहिनीनं एक उपटलं. मातीची गोळी मुळांसकट अलगद बाहेर आली, आणि गोळीभोवती पांढऱ्या मुळांनी घट्ट वेढे घातले होते.

"जाड तेल झालं. भंगार झालं. आज काय करायचं हे तीन दिवसांत चौघांनी चार वेळा ठरवलं. उद्या मिस्त्री बॉक्स उघडेल. काय निघेल ते निघेल, आणि उघडल्यावर काय करायचं ते तिथं उभं राहून मी ठरवणार. कुणाला यायचं असेल त्यानं यावं. पण तिथं येऊन 'मी सांगितलं होतं' म्हणायचं नाही."

नवऱ्यानं तोंड उघडलं.

"बघू म्हणालात तर हा ट्रे तुमच्या ताटात," वहिनी म्हणाली.

"मी म्हणत होतो, भाजी वाढ," तो म्हणाला.

शनिवारी चौघंही गेले. मिस्त्रीनं जमिनीवर जुनं पोतं अंथरलं आणि एकेक भाग काढून क्रमानं त्यावर मांडला. कुणी पाय पुढं टाकला की तो न बोलता पाय मागे सरकवायचा. तास दीड तास असा गेला. आबा बाकावर, धाकटा उकिडवा, नवरा दुखरा गुडघा धरून दाराला टेकलेला. वहिनी पोत्याशेजारी बसली होती, अगदी समोर.

"ही दुसऱ्या गिअरची रिंग," मिस्त्री म्हणाला. "संपली. आणि रिंग संपल्यावरही रेटत राहिल्यामुळे गिअरच्या कडेचे हे बारीक दात तुटले. हे बघा, बोट फिरवा." वहिनीनं बोट फिरवलं. म्हाताऱ्याच्या हिरडीसारखं लागलं. "पण हा नंतरचा आजार. पहिला आजार हा."

त्यानं एक लोखंडी चिमटा उचलला, दोन बोटांच्या बेचक्यासारखा. "याला फोर्क म्हणतात. तुम्ही वर दांडी हलवता ती खाली याला हलवते, आणि हा तिसऱ्याची कडी पुढं-मागं सरकवतो. आता याच्या दोन बाजू बघा."

एक बाजू जाड होती. दुसरी वापरून वापरून सुरीच्या पात्यासारखी झाली होती.

"एकाच बाजूनं झिजलाय," वहिनी म्हणाली.

"बरोबर. आता सांगा, गिअर टाकल्यावर दांडीवर हात ठेवून गाडी कोण चालवतं?"

धाकट्यानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं वहिनीकडे. वहिनीनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, जिथं अंगठ्याच्या खाली एक कडक घट्टा पडला होता. मग तिघांनी एकदम आबांकडे पाहिलं.

"गिअरवर हात ठेवायचाच असतो," आबा म्हणाले. "मी सगळ्यांना तसंच शिकवलंय. हात असला की गाडी काय बोलते ते कळतं."

"खाणीवरच्या ट्रकला ठेवायचा असेल," मिस्त्री म्हणाला. "त्याची दांडी हातभर लांब, सारखी थरथरायची, धरली नाही तर निसटायची. खरं ना?"

"खरं."

"ही गाडी तशी नाही, आबा. ती कडी मिनिटाला दोन हजार वेळा फिरते आणि हा फोर्क तिच्या खाचेत न चिकटता उभा असतो. मधे केसाएवढी फट. हाताचा भार पडला की फट गेली, आणि फिरत्या लोखंडाला उभं लोखंड घासत राहिलं. दगडाच्या पायरीला माणसांच्या पायांनी खळगा पडतो, हे तर लोखंडावर लोखंड. एका दिवसात काही नाही. बारा वर्षांत हे." त्यानं पातळ बाजू नखानं वाजवली. "आणि हात कमी पडला म्हणून शेवटी रबराची पट्टीसुद्धा बांधली. ती तर जेवायलाही उठत नाही."

धाकट्यानं मान खाली घातली.

"म्हणजे घरात जो जो ही गाडी शिकला—" नवरा म्हणाला, आणि त्याचं वाक्य बघूशिवायच तुटलं.

आबा उठले. "नुसत्या हातानं कुठं लोखंड झिजतं?" ते म्हणाले, पण विचारल्यासारखं म्हणाले, आणि उत्तर न ऐकता शेडच्या बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. वहिनीला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. बाजारातलं ते हसणं, क्लचवरचा पाय, सगळं फिटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. आधी चीड आली आणि मग नुसता थकवा. बारा वर्षं एक माणूस प्रेमानं चूक शिकवत होता आणि तिघं इमानानं ती करत होते.

"आता?" तिनं विचारलं.

"फोर्क माझ्याकडे आहे, जुन्या गाडीतला, पण चांगला आहे. तिसरा निसटणार नाही. दुसऱ्याचा गिअर मात्र मागवावा लागेल. आठ दिवस."

"आठ दिवस नाहीत. एकच आहे."

"मग एकच वाट आहे. दुसरा आहे तसाच ठेवून बॉक्स बंद करतो. त्या गिअरला तोंडच लावायचं नाही. पहिल्यानंतर थेट तिसरा. सपाटीला चालेल. चढाला रडेल. तिसरा ओढणार नाही, तेव्हा अख्खा चढ पहिल्यावर. भार कमी ठेवा. गिअर आला की पुन्हा उघडू."

"दोनदा उघडायचा?" धाकटा म्हणाला. "दुप्पट काम!"

"अशी अर्धी गाडी रस्त्यावर काढायची?" आबा बाहेरून म्हणाले. पाठ फिरवून उभे होते, कान आत होते.

वहिनीनं पोत्यावर मांडलेल्या भागांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली. त्याच्या दृष्टीनं तो फार मोठा निर्णय होता.

"बंद करा," ती मिस्त्रीला म्हणाली.

रविवारी उजाडता उजाडता ऐंशी ट्रे भरले. दोनशे चाळीसच्या तीन खेपा. नवरा आणि धाकटा पुढच्या खेपेचे ट्रे जाळीबाहेर काढायला घरी राहिले. वहिनी गाडीत बसायला गेली तर शेजारच्या सीटवर आबा आधीच बसलेले, धुतलेला सदरा घालून.

"तुम्ही कुठं?"

"रस्ता दाखवायला."

"रस्ता मला माहीत आहे."

"मग गप्प बसायला."

गाडी निघाली. पहिला, मग दांडी दुसऱ्याचं घर ओलांडून सरळ तिसऱ्यात. मधे वेग कमी पडायचा, गाडी दोन-तीन आचके द्यायची आणि मग ओढायला लागायची. वहिनीचा हात सवयीनं दांडीवर जायचा आणि ती तो उचलून स्टिअरिंगवर ठेवायची. रिकामा हात कुठं ठेवावा हेच कळत नव्हतं. आबांनी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

टेकडीच्या पायथ्याशी रस्ता डावीकडे वळला आणि चढ सुरू झाला. कच्चा, लाल मातीचा, खडीचा. तिसरा दमला. वहिनीनं पहिला टाकला. गाडी मुंगीच्या चालीनं वर सरकायला लागली. इंजिनचा आवाज इतका की मागे ट्रेमधली रोपं थरथरत होती. निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला.

"थांबव," आबा म्हणाले. "उकळेल."

तिनं थांबवली. हँडब्रेक ओढला तरी गाडी वीतभर मागे सरकली. पाय ब्रेकवर रुतवून ती म्हणाली, "आबा, खाली उतरा. मोठा दगड बघा. मागच्या चाकाला लावा."

आबा उतरले. बावीस वर्षं त्यांच्या मागच्या चाकाला कुणीतरी दुसऱ्यानं दगड लावला होता. त्यांनी रस्त्याकडेचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि चाकाखाली सरकवला.

"लागला!"

तिनं हळूच पाय उचलला. गाडी दगडावर टेकली आणि थांबली. दहा मिनिटं दोघं तिथंच थांबले, ती आत, ते रस्त्यावर. ऊन वर यायला लागलं होतं. काटा खाली आला.

"बसा."

"नको. माझा भार कशाला? तू चल. मी मागून येतो, दगड घेऊन."

मग तसंच चाललं. गाडी पहिल्यावर, पायी माणसाच्या वेगानं, आणि मागच्या चाकाशेजारी सत्तर वर्षांचा म्हातारा दोन्ही हातांत दगड धरून चालतोय. आरशात तिला त्यांचा सदरा दिसायचा, पाठीला घामानं चिकटलेला. अजून तीनदा ती थांबली. दोनदा खिडकीतून ओरडली, "लावा!" आणि दोनदा मागून उत्तर आलं, "लागला!" तिसऱ्यांदा तिला ओरडावं लागलं नाही. इंजिनच्या आवाजावरून त्यांनाच कळलं.

माथ्यावर मळेवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे वीस माणसं बांधावर बसलेली. तिनं कुणालाही रामराम केला नाही. सरळ हौद्याशी आली, एक ट्रे ओढला, एक रोप उपटलं, मुळं बघितली, खोड दोन बोटांत वाकवून बघितलं.

"चार-पाच दिवस जास्त झालेत."

"झालेत," वहिनी म्हणाली. खोटं बोलायला तिच्यात जीवही उरला नव्हता.

"लांबलंय."

"खोल लावलंत तर धरेल. मुळं आधी जरा मोकळी करा."

"ते मला शिकवू नका." मळेवालीनं रोप पुन्हा त्याच्या घरात दाबून बसवलं. "बाकीचं कुठंय?"

"अजून दोन खेपा. गाडीला दुसरा गिअर नाही."

"मला गिअर नको, रोप हवंय. दुपारच्या आत आणा." मग तिनं बांधाकडे वळून हाक दिली, "उठा रे, उतरवून घ्या!"

तेवढ्यात आबा धापा टाकत गाडीच्या मागून पुढं आले. सदरा लाल मातीनं भरलेला, छातीशी दगड. मळेवालीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे कोण? क्लीनर ठेवलात वाटतं?"

वहिनीनं घाईनं तोंड उघडलं. सासऱ्यांना कुणी क्लीनर म्हणावं! आबांनी दगड खाली ठेवला, तळहात पुसले.

"हो," ते म्हणाले. "ड्रायव्हर ही आहे."

आणि बांधावरची माणसं पोचायच्या आत त्यांनी खालच्या कप्प्यातला पहिला ट्रे दोन्ही हातांनी, एकही मान हलू न देता, बाहेर काढला.